तळघर बुजवायचं की राखायचं?

साताऱ्याच्या एका जुन्या पेठेतून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. घर नव्वदेक वर्षांचं, डोंगरउतारावरचं. जोतं काळ्या दगडाचं, आणि माजघराखाली वाकून जावं लागेल एवढं तळघर. त्यावर सागवानी तुळया आणि फळ्यांची जमीन. गेल्या काही वर्षांत घरामागे नवं न्हाणीघर झालं, परसात सिमेंटचा कोबा केला, माजघराला आतून सिमेंटचा गिलावा केला. पुढची गल्लीही सिमेंटची झाली. ती उंच झाल्यामुळे तळघराचे दोन झरोके रस्त्याच्या पातळीला आले आणि पाणी आत येतं म्हणून ते विटांनी बुजवले. आता पावसाळ्यात माजघराच्या भिंती गुडघ्याच्या वरपर्यंत ओल्या असतात, पांढरे पापुद्रे सुटतात, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो. हा वास चैत्रातही पुरता जात नाही. सासूबाईंना दमा आहे. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, तळघरात मुरूम भरू, वर काँक्रीट आणि टाइल्स घालू, भिंतींना वॉटरप्रूफिंगचा थर देऊ, दिवाळीआधी मोकळे होऊ. पुण्याचे दीर निम्मा खर्च द्यायला तयार आहेत, पण काम आत्ताच व्हायला हवं, असं त्यांचं म्हणणं. सासूबाई म्हणतात, ‘तळघराला हात लावायचा नाही, आमच्या वेळी ओल नव्हती.’ यजमान काहीच बोलत नाहीत. ताई विचारतात, ‘जुनं घर म्हटल्यावर ओल असायचीच, हे कळतं. पण मी ऐकू कुणाचं?’

ताई,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात उपयोगाचं वाक्य सासूबाईंचं आहे. ‘आमच्या वेळी ओल नव्हती’ हा तुम्हाला म्हातारपणाचा हट्ट वाटला. मी ते वाक्य पुरावा म्हणून वाचलं. याच जागी, याच उतारावर, साताऱ्याचा हाच पाऊस झेलत हे घर कित्येक दशकं कोरडं राहिलं असेल, तर ओलीचं कारण घराच्या वयात शोधून चालणार नाही. ‘जुनं घर म्हटल्यावर ओल असायचीच’ हे तुमचं वाक्य म्हणूनच मला मान्य नाही. घराभोवती काय बदललं, हा प्रश्न आधी विचारायला हवा. आणि त्याचं उत्तर बहुतेक तुम्हीच पत्रात लिहून पाठवलं आहे: गल्ली, कोबा, न्हाणीघर, गिलावा, झरोके. हे पाच बदल झाले आणि पाचही पाण्याच्या नाहीतर हवेच्या वाटेतले आहेत.

छपरापासून सुरुवात करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तुमचं छप्पर हजार चौरस फुटांचं, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटरचं धरा. दिवसाला ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर छपरावरून साडेचार हजार लिटरहून जास्त पाणी खाली येतं. त्यातलं निम्मं मागच्या पागोळ्यांतून परसात पडतं. पूर्वी ते मातीच्या अंगणात पडून उताराने वाहून जायचं, थोडं मुरायचं, ऊन पडलं की सुकायचं. आता ते कोब्यावर पडतं. कोब्याचा उतार घराकडे असेल, किंवा कोबा आणि जोतं यांच्यामध्ये बोटभर फट असेल, तर ते पाणी थेट जोत्याच्या पायाशी जातं आणि वरचा कोबा त्याला सुकू देत नाही. पुढच्या पावसाची वाट बघू नका. एक बादली पाणी कोब्यावर भिंतीपासून दोन हात लांब ओता आणि ते कुठे जातं ते बघा.

साताऱ्याच्या पेठांना आणखी एक गोष्ट लागू होते. एका बाजूला अजिंक्यतारा, दुसरीकडे यवतेश्वरचा डोंगर. उतारावर पडलेलं पाणी मुरमातून खाली झिरपतं, खालच्या कठीण काळ्या पाषाणाशी अडतं आणि मग त्या पाषाणावरून आडवं सरकत उताराच्या दिशेने निघतं. डोंगराकडची भिंत त्याच्या आड येते. म्हणून तुमच्या तळघरात डोंगराकडची भिंत जास्त ओली आहे की गल्लीकडची, हे मला कळायला हवं होतं. पत्रात ते नाही. डोंगराकडची जास्त ओली असेल तर जमिनीतला झिरपा हे मोठं कारण. गल्लीकडची असेल तर रस्ता. न्हाणीघराच्या कोपऱ्यातच ओल दाट असेल, तर आणखी वेगळंच.

त्या न्हाणीघरावर माझा संशय सगळ्यात जास्त आहे, कारण तुम्ही लिहिलंय की चैत्रातही वास जात नाही. पावसाची ओल होळीपर्यंत बरीच उतरते. उन्हाळ्यात टिकणाऱ्या ओलीला बाराही महिने पाणी पुरवणारं काहीतरी असतं: गळका नळ, फुटलेला सांडपाण्याचा पाइप, मोरीचा उखडलेला सांधा. याची तपासणी फुकटात होते. रात्री घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत पुन्हा बघा. टाकीत पाणी भरत असेल तर तिचा व्हॉल्व्हही आधी बंद करा. मीटर नसेल तर टाकीच्या पातळीवर खूण करा. दुसरं, मिठाईला घालतात तो खायचा रंग बादलीभर पाण्यात कालवून मोरीत ओता आणि दोन-तीन दिवस तळघराच्या त्या कोपऱ्यावर लक्ष ठेवा. रंग दिसला तर निम्मी लढाई जिंकलात. आणि ती जिंकायला तळघरात मुरूम भरावा लागला नाही.

आता कॉन्ट्रॅक्टरच्या सल्ल्याबद्दल. तो तुम्हाला फसवतोय असं मी म्हणत नाही. आरसीसीच्या घरात जे काम रोज करतो तेच त्याने सुचवलं आहे. पण तुमच्या भिंती दगड, माती आणि चुन्याच्या आहेत. त्यांच्या पायात ओलीला अडवणारा थर नाही. त्या काळात तो घालायची पद्धतच नव्हती. अशा भिंती जमिनीतलं पाणी कंदिलाच्या वातीसारखं वर ओढतात. त्यांचं आजवर निभावलं, कारण जेवढं पाणी वर चढायचं तेवढं चुन्याच्या पृष्ठभागातून वाफ होऊन उडून जायचं. सिमेंटचा गिलावा ही वाफ अडवतो. पाण्याला बाहेर पडायला जागा उरली नाही की ते आणखी वर चढतं आणि गिलावा संपतो तिथे बाहेर येतं. पांढरे पापुद्रे हे जमिनीतले क्षार आहेत. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि फुगून गिलावा उचलतात. त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर दिला तर एक-दोन वर्षं भिंत सुंदर दिसेल. पुढे ओल शेजारच्या खोलीत जाईल, किंवा सामाईक भिंत असेल तर शेजाऱ्यांच्या घरात.

मुरूम भरण्याला माझा विरोध यापेक्षाही जास्त आहे. मुरमात बारीक माती असते आणि तीही पाणी वर ओढते. आज भिंतीचा जो भाग तळघरात उघडा आहे, तो उद्या दोन्हीकडून ओल्या भरावात गाडला जाईल. तुळयांची टोकं भिंतीत तशीच राहिली, तर ती कुजताना दिसणारसुद्धा नाहीत. फळ्या-तुळया काढून पूर्ण जमीन नव्याने करायची असेल तरच भरावाचा विचार करता येतो. तसं असलं तरी खाली मुरूम नको. माती नसलेली जाड खडी, त्यावर प्लास्टिकचा जाड कागद आणि त्यावर काँक्रीट, असा क्रम लागतो. आणि तेव्हाही बाहेरचं पाणी आधी वळवावंच लागतं. म्हणजे ज्या कामाला आज बगल दिली जातेय, ते टळत नाहीच.

पाणी जमिनीतून येतंय की हवेतून, हे ओळखायला एक सोपी चाचणी आहे. तळघराची जमीन काँक्रीटची किंवा फरशीची असेल तर तिच्यावर, नाहीतर भिंतीच्या सपाट भागावर, दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. एक दिवसाने बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असतील तर पाणी जमिनीतून किंवा भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला असतील तर हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर साचतेय. दोन्हीकडे असले तर दोन्ही. जुन्या घरांत बऱ्याचदा तसंच असतं.

आत उतरताना मात्र घाई नको. तळघर बरेच दिवस बंद असेल तर आदल्या दिवसापासून तोंड उघडं ठेवा आणि एकट्याने उतरू नका. वरच्या माणसाला तुमचा आवाज ऐकू यायला हवा. ओल्या भिंतीतल्या जुन्या वायरिंगचा मेन स्विच बंद करा, बॅटरी घ्या, पायात बूट घाला. विंचू अशाच जागी असतात. पाणी साचलं असेल तर पेट्रोल-डिझेलवरचा पंप आत उतरवू नका. त्याचा धूर कोंडला की माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होतो.

झरोक्यांचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण इथे दोन्ही बाजूंचे लोक अर्धं बरोबर सांगतात. ‘हवा खेळती ठेवा’ हे खरं, पण प्रत्येक ऋतूत नाही. श्रावणात बाहेर २५ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर ती हवा सुमारे २३ अंशांवर आली की तिच्यातलं पाणी थेंब होऊन बसतं. तुमच्या तळघराचे दगड २२ अंशांवर असतील, तर झरोके उघडून तुम्ही आत पाणीच आणाल. उलट कार्तिकापासून पुढे हवा कोरडी होते आणि तीच हवा तळघर झपाट्याने सुकवते. याचा हिशेब घरी करता येतो. तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र काहीशे रुपयांत मिळतं. बाहेरच्या आर्द्रतेचा आकडा शंभरातून वजा करा, उरेल त्याला पाचाने भागा आणि येणारं उत्तर बाहेरच्या तापमानातून वजा करा. आलेला आकडा तळघरातल्या तापमानापेक्षा दोन-तीन अंशांनी तरी कमी असेल तर झरोके उघडा. जवळपास किंवा जास्त असेल तर बंद ठेवा. दमट हवेत हा ठोकताळा बऱ्यापैकी बरोबर येतो.

म्हणून झरोके विटांनी कायमचे बुजवणं चूक होतं, पण रस्त्याच्या पातळीवर सताड उघडे ठेवणंही शक्य नाही. मधला मार्ग असा की झरोक्याभोवती रस्त्यापेक्षा नऊ इंच उंच कठडा बांधायचा, बारीक जाळी लावायची आणि आतून उघड-बंद होणारी झडप बसवायची. समोरासमोरच्या भिंतींत निदान एकेक झरोका हवा, नाहीतर हवा फिरत नाही. सासूबाईंना विचारा, पूर्वी झरोके कधी उघडायचे, कधी झाकायचे, पाणी पहिल्यांदा कुठल्या कोपऱ्यात दिसलं, आणि ते न्हाणीघराच्या आधी की नंतर. हे कुठल्याही इंजिनिअरला एका भेटीत कळणार नाही.

मी असते तर कामाला परसातून सुरुवात केली असती. छपराला पन्हळ आणि खाली पाइप, त्याचं पाणी भिंतीपासून निदान दहा फूट लांब किंवा सरळ गटारात. मग जोत्याच्या कडेचा तीन-चार फूट कोबा काढून नव्याने करायचा, घरापासून बाहेर उतार देऊन, दर पन्नास इंचांना निदान एक इंच. न्हाणीघराची गळती याच वेळी. डोंगराकडून झिरपा येतो हे नक्की झालं तर त्या बाजूला, भिंतीपासून चार-पाच फूट सोडून, उताराला आडवा चर खणायचा. त्यात गाळणीचं कापड, खडी आणि छिद्रांचा पाइप घालून तो खालच्या गटाराला जोडायचा. चर घराच्या पायाच्या तळापेक्षा खोल जाता कामा नये, आणि हे काम माहीतगार इंजिनिअरने जागा बघितल्याशिवाय करू नका. दगडी पायाशेजारी खणताना भिंत खचू शकते.

बाहेरचं झालं की आत. तळघराची जमीन मातीची असेल तर साफ करून तिच्यावर दोनशे-अडीचशे मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरा. जोडावर एक फूट चढवा, भिंतीला वीतभर वर वळवा. मातीतून उठणारी वाफ एवढ्याने पुष्कळ थांबते. वरच्या फळ्यांच्या फटींतून माजघरात येणारा कुबट वास याच वाफेवर पोसतो. या सगळ्या कामाचा खर्च मुरूम, काँक्रीट, टाइल्सच्या कोटेशनशी ताडून बघा.

सिमेंटचा गिलावा काढणं हे शेवटचं काम, आणि ते घाईत होणारं नाही. जाड भिंत सुकायला जाडीच्या दर इंचाला महिनाभर लागतो, असा ढोबळ हिशेब सांगतात. दोन फुटी भिंत दोन्ही बाजूंनी सुकली तरी वर्ष जातं. म्हणून यंदा फक्त खालचा ओला पट्टा, ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत, खरवडून उघडा ठेवा. पापुद्रे कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, नाहीतर क्षार परत भिंतीत जातील. एक उन्हाळा जाऊ द्या. मग चुन्याचा गिलावा आणि चुन्याचाच रंग. चुन्यात काम करणारे गवंडी कमी उरलेत हे खरं, पण वाई-साताऱ्याकडे जुन्या वाड्यांची, देवळांची डागडुजी करणाऱ्यांकडे विचारपूस केलीत तर सापडतील. दिवाळीला येणाऱ्या पाहुण्यांना माजघराची भिंत उघडी दिसेल. दिसू दे.

सांगलीकडच्या वाचकांसाठी थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तिथून येणारी पत्रं पुराची असतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूर ओसरल्यावर तळघरातलं पाणी एका झटक्यात उपसू नका. बाहेरची माती अजून पाण्याने तुडुंब असते आणि आतला दाब अचानक गेला तर भिंत आत कोसळू शकते. फूटभर उपसा, भिंतीवर खूण करा, रात्रभर थांबा. सकाळी पाणी पुन्हा वर आलं असेल तर बाहेरची पातळी उतरेपर्यंत वाट पाहा. शिवाय नदीकाठची काळी माती भिजली की फुगते आणि सुकली की भेगाळते, म्हणून जोत्यालगत बाग करून रोज पाणी घालणं तिथे साताऱ्यापेक्षाही जास्त त्रासाचं.

आता घरातल्या माणसांबद्दल. तुम्ही विचारलंत, ‘ऐकू कुणाचं?’ मला वाटतं, हे भांडण तुम्ही समजता तसं नाही. सासूबाईंना तळघर राखायचंय, दिरांना ओल घालवायचीय, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. दिरांना फोनवर पटवत बसू नका. मीटरचे आकडे, रंगाच्या पाण्याचा फोटो, प्लास्टिकवरचे थेंब त्यांना पाठवा आणि सांगा, ‘पैसे आत्ताच लागणार आहेत, पण पन्हळीला, कोब्याला आणि न्हाणीघराला.’ पुण्यात राहून घरासाठी खर्च करू पाहणाऱ्या माणसाला हाताला काहीतरी काम हवं असतं. ते द्या. यजमानांना गल्लीचं काम सोपवा. रस्ता पुन्हा करताना जुना थर खरवडूनच नवा घालावा आणि गटाराचा उतार तपासावा, असा लेखी अर्ज गल्लीतल्या चार घरांच्या सह्या घेऊन नगरपालिकेत द्यायचा. झरोके बुजवावे लागलेलं तुमचं घर त्या गल्लीत एकटं नसणार.

सासूबाईंचा दमा मात्र कामं होईपर्यंत थांबणार नाही. त्यांचं अंथरूण माजघरातून हलवून वरच्या किंवा उन्हाच्या खोलीत न्या, आजच. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. बुरशी पुसताना आणि गिलावा खरवडताना त्या घरात नसाव्यात. पुसणाऱ्यानेही नाकाला चांगला मास्क लावावा. आणि ओलीचं सगळं डॉक्टरांना सांगा. औषध ठरवताना त्यांना ते माहीत असायला हवं.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्या आधी करा. तळघरात उतरलात की दाभण किंवा पेचकस घेऊन प्रत्येक तुळईचं भिंतीत शिरणारं टोक टोचून बघा. चांगलं सागवान सहज टोचलं जात नाही. दाभण अर्धा इंच सुखासुखी आत गेलं, किंवा भिंतीवरून तुळईकडे चढणारी वाळवीची मातीची नळी दिसली, तर त्या तुळईखाली सुताराकडून टेकू लावून घ्या, वरचं जड कपाट हलवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. वाळवीचं औषध मारायचं झालं आणि परसात विहीर असेल, तर मारणाऱ्याला ती आधी दाखवा. ते औषध पाण्यात उतरता कामा नये. पन्हळ आठवडाभर उशिरा बसली तरी चालेल. टेकूला उशीर नको.